निविदेच्या आधीची पंधरा वर्षं

सफाईच्या कामाची सरकारी निविदा उघडली की पात्रतेच्या पानावर बहुतेक वेळा एकच हिशेब भेटतो. कामाची अंदाजित किंमत १ कोटी असेल, तर मागच्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल ३० लाख हवी. शिवाय मागच्या सात वर्षांत याच स्वरूपाचं ८० लाखांचं एक, नाहीतर ५० लाखांची दोन, नाहीतर ४० लाखांची तीन कामं पूर्ण केल्याचे दाखले हवेत. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली बांधकामाची कामं डोळ्यांपुढे ठेवून ही टक्केवारी सुचवली. पुढे ती पूल बांधणाऱ्याला लागते तशीच फरशी पुसणाऱ्यालाही लागू लागली, कारण निविदा लिहिणारा कारकून मागच्या वर्षीचीच फाईल उघडतो आणि तारखा बदलतो.

वीस माणसांची सफाई संस्था चालवणारा इथेच पान मिटतो. दाखल्याशिवाय काम नाही आणि कामाशिवाय दाखला नाही.

या कोड्यातून वाट काढलेलं एक प्रकरण पुण्यात रोज सकाळी लोकांच्या दारात उभं असतं. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आणि पुणे महापालिकेशी तिचा २००८ साली झालेला करार. तिच्याबद्दल जे लिहिलं जातं ते चळवळ म्हणून, नाहीतर पर्यावरण म्हणून. मला इथे ती धंद्याच्या बाजूने पाहायची आहे. ज्यांच्याकडे उलाढाल नव्हती, अनामत नव्हती, पुष्कळ जणींना सहीसुद्धा येत नव्हती, त्यांना देशातल्या एका मोठ्या महापालिकेचं काम मिळालं ते नेमकं कशावर?

गाडी आली तेव्हा

गोष्ट १९९० च्या आसपासची. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाचा एक कार्यक्रम कचरा वेचणाऱ्या मुलांपर्यंत पोचला. लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने या त्यात काम करणाऱ्या दोघी. मुलांना शिकवायचं तर त्यांच्या आयांबरोबर कचराकुंडीवर जायला हवं होतं. तिथे गेल्यावर धंद्याची मूळ अडचण दिसली. कुंडीतला कागद आमटीत भिजलेला, पुठ्ठा सडलेला, प्लॅस्टिकला खरकटं चिकटलेलं. भंगारवाला अशा मालाला भाव देत नाही. तोच माल घराच्या दारात कोरडा मिळाला, तर तितक्याच तासांत जास्त पैसे पडतात आणि कुत्र्यांशी झगडावं लागत नाही.

म्हणून वसाहतीतल्या लोकांशी बोलून सुका कचरा वेगळा द्यायला लावलं गेलं आणि तीसेक बायकांना ओळखपत्रं देऊन सोसायट्यांमध्ये शिरायची सोय झाली. हे सुरळीत चालू झालं आणि एका उद्योजकाने त्याच भागात मोटारगाडी लावून दारोदार कचरा उचलायला सुरुवात केली. त्याचं फार चुकलं असंही नाही. दारातल्या सुक्या कचऱ्यात पैसा आहे हे बायकांनीच सिद्ध करून दाखवलं होतं. पण माल गेला म्हणजे चूल गेली. बायकांनी विरोध केला आणि हातातून जाणारं काम परत मिळवलं.

या प्रसंगातून निघालेला निष्कर्ष असा, की तीस जणींची सोय कुणीही एका सकाळी मोडू शकतो. मे १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून जास्त जण आले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. आढावांच्या हाताशी हमाल पंचायतीचा अनुभव होता. ज्याला मालक दाखवता येत नाही अशा कामगारालाही कामगार म्हणून मान्यता मिळवता येते, हे पुण्याच्या बाजारात आधीच घडलेलं होतं.

करार व्हायला अजून पंधरा वर्षं होती.

दाखला नाही, तर कार्ड

पंचायतीची पहिली मोठी मागणी पैशाची नव्हती. संघटनेच्या ओळखपत्रावर महापालिकेचं शिक्कामोर्तब हवं, एवढंच म्हणणं होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुणे महापालिकेने ते केलं. कचरावेचकांच्या ओळखपत्राला अशी मान्यता देणारी ती देशातली पहिली महापालिका.

या कार्डाने पहिल्या दिवशी काय दिलं? रखवालदाराने गेटवर अडवलं तर दाखवायला काहीतरी. चौकीवर चोरीच्या संशयाने बसवून ठेवलं तर दाखवायला काहीतरी. बस. पण निविदेच्या भाषेत वाचलं तर या कार्डाचा दुसरा अर्थ दिसतो. हा अनुभवाचा दाखला होता, फक्त त्यावर रुपयांचा आकडा नव्हता. ही बाई या शहरात हे काम करते, हे महापालिकेने स्वतःच्या शिक्क्यानिशी मान्य केलेलं होतं. पुढे कधी ‘तुम्ही कोण?’ असा प्रश्न आला, तर उत्तर महापालिकेच्याच दप्तरात पडलेलं होतं.

छोट्या सफाई व्यावसायिकांत मला उलटी सवय दिसते. चार वर्षं एखाद्या शाळेची, बँकेच्या शाखेची, दवाखान्याची सफाई केलेली असते, आणि हातात एक ओळीचं पत्रसुद्धा नसतं. ‘साहेब ओळखतात हो आम्हाला.’ साहेबांची बदली होते. काम संपल्यावर नव्हे, काम चालू असताना, दर वर्षाच्या बिलाबरोबर समाधानकारक सेवेचं पत्र मागून घेणं हे फुकटचं काम आहे आणि तेच राहून जातं. पत्रावर कामाचा कालावधी, क्षेत्रफळ, माणसांची संख्या आणि वर्षाची रक्कम हवी. ‘काम चांगले केले’ एवढ्यावर निविदेचा तांत्रिक लिफाफा, म्हणजे पात्रतेची कागदपत्रं, पुढे सरकत नाहीत.

२४६ रुपये

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती २००१ साली पुढे आलेली पाहणी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पुण्यातल्या भंगार गोळा करणाऱ्यांचा, भंगार व्यापाऱ्यांचा आणि पुनर्वापर करणाऱ्या उद्योगांचा अभ्यास झाला. त्यातून एक आकडा निघाला. प्रत्येक कचरावेचक दर महिन्याला २४६ रुपयांचं श्रम महापालिकेला फुकट देते. हिशेब साधा होता. त्या बायका दिवसाला १४४ टन माल कचऱ्यातून बाहेर काढत होत्या, आणि तेवढा माल कचरा डेपोपर्यंत वाहून नेण्याचा खर्च महापालिकेचा वाचत होता.

तोवर बोलणं ‘आमच्यावर अन्याय होतो’ या सुरात चालायचं. त्या सुराला महापालिकेत चहा मिळतो, फार तर आश्वासन मिळतं. आकडा आल्यावर सूर बदलला: तुम्ही आम्हाला देणं लागता. मग २००२-०३ मध्ये महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली. दान म्हणून नव्हे, वाचलेल्या खर्चातला वाटा म्हणून. रकमेच्या मानाने ही गोष्ट लहान होती, पण महापालिकेच्या अंदाजपत्रकात कचरावेचकांच्या नावाची एक ओळ उघडली. लेखाशीर्ष उघडणं किती अवघड असतं हे ज्याने एकदा तरी पालिकेत बिल घातलंय त्याला सांगायला नको. एकदा उघडलं की त्यात रक्कम वाढवून मागता येते.

सफाई सेवेच्या बाबतीत हेच कुणी करत नाही. एका इमारतीची सफाई करणाऱ्याला विचारा, दिवसाला किती चौरस फूट पुसता, किती स्वच्छतागृहं, कितीदा, किती लिटर फिनेल जातं, पावसाळ्यात किती वाढतं? तो म्हणतो, ‘चार माणसं लावलीत.’ मग खरेदी करणारं कार्यालयही चार माणसांचाच दर मागतं, आणि सगळी स्पर्धा माणसाच्या दरावर, म्हणजे माणसाला किती कमी देता येईल यावर, येऊन थांबते.

संधी बाहेरून आली

पंचायतीने कितीही मोजलं असतं तरी महापालिकेला गरज नसती तर करार झाला नसता. गरज कायद्याने निर्माण केली. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात शहरी कचऱ्याविषयी याचिका दाखल केली होती. त्यानंतर २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. घराघरातून कचरा गोळा करणं आता महापालिकांचं काम झालं. तोवरची पद्धत अशी, की लोकांनी कुंडीत टाकायचं आणि पालिकेने कुंडी उचलायची. दारोदार जायला पालिकेकडे माणसं नव्हती आणि नवी भरती करायची तर वेतन आयोगाचा बोजा. दुसरीकडे शहराजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीचे गावकरी तिथल्या डेपोमुळे हैराण होऊन कचऱ्याच्या गाड्या अडवत होते. कचरा कमी होईल तेवढा हवाच होता.

अशा वेळी दारोदार जाण्याची सवय असलेल्या, महापालिकेच्याच शिक्क्याची कार्डं बाळगणाऱ्या हजारो बायका शहरात होत्या. २००५ च्या सुमारास महापालिका, एसएनडीटी आणि पंचायत यांनी मिळून प्रायोगिक काम सुरू केलं. सुमारे दीड हजार कचरावेचक दारोदार संकलनात आल्या. नमुन्यादाखल एखाद्या वॉर्डात वीस माणसं लावून फोटो काढण्यापुरता हा प्रयोग नव्हता. त्या आकाराचा प्रयोग झाल्यावर ‘यांना जमेल का?’ हा प्रश्न उरत नाही, ‘हे बंद केलं तर काय होईल?’ हा उरतो.

मग कायदेशीर अंगरखा शिवला गेला. संघटना म्हणजे युनियन. युनियन मागणी करते, सेवा पुरवण्याचा करार करत नाही, कारण उद्या तिला स्वतःशीच भांडावं लागेल. म्हणून वेगळी सहकारी संस्था काढली, ‘स्वच्छ’. नावाची अक्षरं ‘सॉलिड वेस्ट कलेक्शन अँड हँडलिंग’ वरून जुळवलेली, पण कानाला मराठीच लागतात. महापालिकेच्या मुख्य सभेची मंजुरी झाली, आणि २००८ मध्ये पाच वर्षांचा करार झाला. संचालक मंडळात कचरावेचकांचंच बहुमत. पंचायत राहिली ती वेगळीच, हक्कांसाठी.

करारात काय होतं, आणि काय नव्हतं

नेहमीच्या सफाई कंत्राटात कार्यालय ठेकेदाराला पैसे देतं आणि ठेकेदार कामगाराला. ‘स्वच्छ’च्या करारात घरातला माणूस सेवाशुल्क थेट कचरावेचकाच्या हातात देतो. सुरुवातीला ते घरटी महिन्याला दहा-वीस रुपयांच्या घरात होतं. सुक्या कचऱ्यातून निघालेला माल विकून येणारे पैसेही तिचेच. महापालिकेने ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे, अ‍ॅप्रन द्यायचे आणि संस्थेचा देखरेखीचा खर्च सोसायचा. मजुरी महापालिकेने द्यायची नाही. दोघी मिळून दीडशे ते तीनशे घरं करतात. ओला कचरा ठरल्या जागी पालिकेच्या गाडीला द्यायचा, सुका वेगळा काढून विकायचा.

यात तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या.

पहिली, महापालिकेला हे स्वस्त पडलं, आणि तेही कामगाराचा पगार कापून नव्हे. दर पाडून मिळवलेलं काम आणि रचना बदलून मिळवलेलं काम यांतला फरक हाच.

दुसरी, बिलाचं एकक बदललं. कचरा वाहणाऱ्या ठेकेदाराला बहुतेकदा टनामागे पैसे मिळतात. म्हणजे वजन वाढलं तर त्याचा फायदा. ओल्यात माती मिसळली तरी फायदाच. कचरावेचकाचा फायदा उलटा आहे. जितका सुका माल ती बाजूला काढेल तितकी तिची कमाई, आणि तितका कमी कचरा डेपोत. शहराचं हित आणि काम करणाऱ्याचं हित एका दिशेला आणून ठेवलेलं असं कंत्राट मी सफाईच्या क्षेत्रात क्वचितच पाहिलंय.

तिसरी गोष्ट खेळत्या भांडवलाची, आणि इथे जरा थांबतो, कारण छोट्या संस्था याच खड्ड्यात पडतात.

समजा एका केंद्रीय कार्यालयाने जेम या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर वीस सफाई कामगारांची निविदा काढली. उदाहरणासाठी महिन्याचं वेतन १२,००० रुपये धरू. त्यावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा प्रशासकीय शुल्क आणि विमा धरून १३ टक्के, म्हणजे १,५६० रुपये. कर्मचारी राज्य विम्याचे ३.२५ टक्के म्हणजे ३९० रुपये. बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,००० रुपये. माणशी १४,९५० झाले. वीस जणांचे २,९९,०००. रजेवरच्या माणसाच्या जागी बदली माणूस, गणवेश, साहित्य हे अजून धरलेलं नाही. आता नफा. मनुष्यबळाच्या अशा निविदांत ठेकेदाराचं सेवाशुल्क किमान ३.८५ टक्के असावं असं केंद्राने २०२३ साली ठरवलं, कारण त्याआधी लोक शून्य पूर्णांक शून्य काहीतरी टक्के भरत होते आणि नफा कामगाराच्या पगारातून काढत होते. पण किमान ठरलं की सगळे किमानच भरतात. मग बरोबरीत आलेल्या डझनभर बोलीदारांतून संगणक चिठ्ठी काढतो. समजा चिठ्ठी तुमच्या नावाची निघाली. ३.८५ टक्क्यांनी महिन्याला मिळाले साधारण ११,५०० रुपये.

पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. बिल मात्र हजेरीपत्रक, निधीची चलनं, मागच्या महिन्याच्या पगाराचा बँक पुरावा असं सगळं जोडून जातं, आणि दोन-तीन महिने फिरतं. म्हणजे नऊ लाख रुपये तुमचे अडकले. ते १२ टक्के व्याजाने उचलले असतील, तर महिन्याचं व्याज झालं ९,०००. उरले अडीच हजार. त्यात वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांनी आधी भरायचा आणि नंतर वसूल व्हायचा. ‘टेंडर मिळालं’ म्हणून पेढे वाटणारा माणूस सहाव्या महिन्यात कामगारांचे फोन उचलायचं का थांबवतो, ते या चार ओळींत आहे.

‘स्वच्छ’च्या रचनेत पैसा बिलातून फिरतच नाही. महिना संपला, दारावर हाक मारली, शुल्क हातात. मालाचे पैसे तर भंगारवाल्याकडून त्याच दिवशी. महापालिकेचं अनुदान उशिरा आलं तर संस्थेच्या कार्यालयाची ओढाताण होते, पण कचरावेचकाची चूल त्या फाईलवर अवलंबून नसते.

याची किंमत

हा करार म्हणजे सोन्याचं अंडं नाही. दारावर जाऊन पैसे मागणं हे वसुलीचं काम आहे, आणि ते त्या बाईच्याच गळ्यात आहे. ‘पुढच्या महिन्यात घे’, ‘आम्ही गावाला होतो’, ‘मालमत्ता कर भरतो ना आम्ही?’ पुण्यातल्या सुशिक्षित सोसायटीत महिन्याच्या काही रुपयांवरून चालणारी घासाघीस हा वेगळा विषय होईल. झोपडपट्टीत वसुली आणखी कठीण, आणि तिथे कचरा उचलणं सर्वांत गरजेचं.

दुसरं, ती महापालिकेची किंवा ठेकेदाराची कामगार नाही, म्हणून भविष्यनिर्वाह निधी, हक्काची रजा, बोनस हे आपोआप लागू होत नाही. कचरा कमी झाल्याचा फायदा शहराला, पाठदुखी तिची, असा आक्षेप घेणाऱ्यांना मी खोडून काढणार नाही. सॅनिटरी पॅडचा प्रश्न तर अनेक वर्षं तसाच होता. वर्तमानपत्रातही न गुंडाळलेली पॅड हाताने वेगळी काढायची. २०१३ साली वापरलेल्या पॅडच्या गोण्या ती पॅड बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवण्यात आल्या. पुढे लाल ठिपका काढून पुडकं वेगळं द्यावं अशी मोहीम झाली. हे करारात कुठेच नव्हतं. करार लिहिताना कामातली सर्वांत घाण गोष्ट कागदावर येत नाही, कारण लिहिणाऱ्याने ती हाताळलेली नसते. सफाईची कुठलीही बोली भरण्याआधी ती जागा एकदा स्वतः झाडून पाहावी, असं म्हणतो ते त्यासाठीच.

तरी पर्याय काय होता तेही नदीपलीकडे दिसतं. पिंपरी-चिंचवडमध्ये पंचायतीच्या सभासदांनी ठेकेदारांमार्फत काम केलं. कागदोपत्री ते जास्त ‘पक्कं’ काम, कारण तिथे मालक होता, पगार होता. किमान वेतनातला फरक मिळवायला त्यांना वर्षानुवर्षं कायदेशीर लढाई लढावी लागली. कमी दराची निविदा मंजूर होते तेव्हा तो दर कुठून कमी झाला, हे कुणीच विचारत नाही.

तुम्ही सहकारी संस्था नसाल तर

हे वाचून वीस माणसांची संस्था चालवणारा म्हणेल, माझ्यामागे पंचायत नाही, बाबा आढाव नाहीत. खरं आहे. ‘स्वच्छ’चा करार खुल्या निविदेतून झाला नाही, आणि तसा करार कुणालाही मागून मिळणार नाही. तो मिळाला कारण हे लोक आधीपासून त्या कामात होते आणि निविदा काढली असती तर तेच बाहेर फेकले गेले असते. तुमच्याकडे तसा दावा नसेल, तर निविदेचाच रस्ता उरतो. मात्र त्या रस्त्यावर काही जागा रुंद केलेल्या आहेत आणि पुष्कळांना त्या माहीत नसतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, २०२० पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. एजंटला दीड-दोन हजार देऊन ती करणारे अजून भेटतात, त्याला काय म्हणावं! केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीतला २५ टक्के वाटा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो; त्यात ३ टक्के महिलांच्या आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी. सेवा त्यात येतात. बयाणा रकमेतून, म्हणजे बोलीबरोबर भरायच्या अनामतीतून, सूट मिळते. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर तो दर मान्य करून कामाचा वाटा मागता येतो. अनुभव आणि उलाढालीच्या अटी शिथिल करायच्या की नाही हे मात्र खरेदीदार ठरवतो. म्हणून निविदा उघडल्यावर आधी ती ओळ शोधायची, मग बाकीची पानं. आणि ही केंद्राची सवलत महापालिकेच्या निविदेत आपोआप मिळते असं धरून चालू नका. तिथे त्या त्या निविदेत काय छापलंय तेच खरं.

महाराष्ट्रात बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्थांना ठरावीक रकमेपर्यंतची कामं देण्याची पद्धत आहे, आणि त्यात शासकीय कार्यालयांची साफसफाई वारंवार असते. जिल्ह्याच्या कौशल्य विकास व रोजगार केंद्राच्या सूचना वर्तमानपत्रात कोपऱ्यात येतात. रक्कम लहान असते. पण पहिल्या दाखल्याचं कोडं सुटतं ते इथेच. कार्ड मिळालं म्हणून कुणी श्रीमंत झालं नव्हतं, तसंच.

बिल अडकलं तर कायदा तुमच्या बाजूने आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आणि थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे दाद. प्रत्यक्षात त्याच कार्यालयाकडून पुढची मुदतवाढ हवी असते, म्हणून कुणी दाद मागत नाही. मला विचाराल तर परिषदेकडे जाण्याआधी त्या कायद्याच्या कलमाचा उल्लेख असलेलं एक साधं स्मरणपत्र आवक-जावक शिक्क्यानिशी द्यावं. पत्र फाईलला लागलं की लेखापालाला त्यावर काहीतरी लिहावं लागतं.

करार संपतो तेव्हा

‘स्वच्छ’चा पहिला करार २०१३ मध्ये संपला. दुसरा पाच वर्षांचा करार झाला २०१६ मध्ये. मधला काळ मुदतवाढीवर. दुसऱ्याची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, तीही टाळेबंदीच्या वर्षात, ज्या वर्षी शहर घरात बसलेलं असताना या बायका मास्क लावून जिने चढत होत्या. तेव्हाही पुन्हा चर्चा सुरू झाली: खासगी ठेकेदार का नको, गाड्या लावून सगळं एकाच कंपनीला का देऊ नये?

म्हणजे १९९० च्या आसपास एका वसाहतीत आलेली ती मोटारगाडी पुन्हा दारात उभी होती, फक्त या वेळी अख्ख्या शहराच्या आकाराची. पण तेव्हा तीस जणी होत्या. आता सभासद तीन हजारांहून जास्त. २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकलेली होती. आणि प्रत्येक जोडीच्या मागे दीडशे ते तीनशे घरं, जिच्या हाकेने त्यांची सकाळ सुरू होते. त्या घरांतले लोक नगरसेवकांना पत्रं लिहू लागले: आमची ताई बदलू नका.

मुदतवाढ मिळाली. ती कधी काही महिन्यांची, कधी आठवड्यांची असायची, आणि प्रत्येक वेळी फाईल पुन्हा पहिल्या टेबलापासून निघायची. काम या काळात थांबलं नाही. करार कागदावर चालू असो की संपलेला, सकाळी सातच्या सुमारास महापालिकेच्या कोठीवरून, म्हणजे वस्तीतल्या सफाईच्या ठाण्यावरून, ढकलगाड्या निघत होत्या आणि ओला-सुका वेगळा दिला नाही म्हणून दारात कुणाला तरी बोलणी बसत होती.